जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मग आधी ती अशी तपासा

क्लासिक स्पोर्ट्स कार बघायला गेलेली बहुतेक मंडळी पहिलं काय करतात, तर बॉनेट उघडायला लावतात, चावी फिरवायला सांगतात, इंजिनचा आवाज ऐकतात आणि तिथेच अर्धा सौदा मनातल्या मनात पक्का करून टाकतात. माझं सांगणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी पत्रा आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मग बाकी सगळं. इंजिन खराब निघालं तर चांगला मेकॅनिक ते उतरवून पुन्हा बांधून देतो, काम मोठं असलं तरी त्याचा अंदाज आधी काढता येतो. गंजलेल्या बॉडीचं तसं नसतं, एक तुकडा कापला की त्याच्या मागचा सडलेला दिसतो, तो कापला की त्याच्याही मागचा, आणि हे कुठे जाऊन थांबेल ते वेल्डिंग करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. गाड्या अर्धवट उघडून वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहतात त्या बहुतेक याच कारणाने.

हा लेख ज्यांनी अशी गाडी आधी कधीच घेतलेली नाही त्यांच्यासाठी आहे. तुम्हाला मेकॅनिक असायची गरज नाही. डोळे, हात, कान आणि नाक पुरेसं आहे, फक्त घाई नको.

निघायच्या आधी

ज्या मॉडेलच्या मागे आहात ते मॉडेल नेमकं कुठे सडतं आणि कुठे मोडतं हे घरूनच पाठ करून जा. प्रत्येक जुन्या गाडीच्या खोडी ठरलेल्या आहेत आणि इतक्या वर्षांत त्या सगळ्यांना माहीत झाल्यात. एमजीबी असेल तर दाराखालचे सिल, डॅटसन २४०झेड असेल तर बॅटरी ट्रे आणि खालचे लांब रेल, ट्रायम्फ टीआर६ असेल तर क्रँकचा थ्रस्ट वॉशर (इंजिनचा मुख्य दांडा पुढेमागे सरकू न देणारी चकती) आणि डिफरन्शिअलचे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचे) माउंट, जुनी अल्फा स्पायडर असेल तर सेकंड गिअर. त्या मॉडेलच्या मालकांचा क्लब असेल तर त्यातल्या एखाद्या जुन्या माणसाशी अर्धा तास बोला, हे लोक मनापासून सांगतात आणि जमलं तर गाडी बघायला सोबतही येतात.

पार्ट मिळतात का हेही आत्ताच बघून ठेवा. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे तिचं जवळपास सगळं मिळतं, अगदी अख्खी नवी बॉडीसुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेज बनवून देते. याउलट एखादी कमी बनलेली गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी तिची पुढची काच किंवा एक टेललाइट फुटली तर ती शोधण्यात वर्ष जाऊ शकतं. नवख्याने पहिली गाडी पार्ट मिळणारीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

फोनवर विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे, शेवटची लांब कधी चालवली, कागद तुमच्याच नावावर आहेत का, आणि गंजाचं काम झालंय का, झालं असेल तर फोटो आहेत का. शेवटच्या प्रश्नावर जो माणूस लगेच "हो, पाठवतो" म्हणतो त्याची गाडी बघायला जाण्यात अर्थ आहे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, मला ती गार हवी आहे.

सोबत काय न्यायचं: चांगली टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि त्याला गुंडाळायला मऊ कापड, हाताच्या आरशासारखा एखादा छोटा आरसा, जमिनीवर अंथरायला काहीतरी, मळले तरी चालतील असे कपडे, वही. पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. आणि एक शांत डोक्याचा मित्र न्या, ज्याला ती गाडी आवडत नाही असा मिळाला तर फारच छान.

दिवसा जा. पाऊस पडत असेल किंवा गाडी नुकतीच धुऊन ओली ठेवली असेल तर परत जा, कारण ओल्या पेंटवर सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात.

पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर

इंजिन अजून चालू करायचं नाहीये, फक्त हात ठेवून बघायचं की ते गार आहे का. सांगूनही गरम करून ठेवलं असेल तर गार असताना धूर निघत असेल, स्टार्ट व्हायला वेळ लागत असेल किंवा सुरुवातीला खडखड होत असेल, असं काहीतरी लपवायचं आहे असं समजून चला. कधीकधी बिचाऱ्याने नुसती गॅरेजबाहेर काढलेली असते, तेव्हा लगेच आरोप करू नका, पण वहीत लिहून ठेवा आणि गाडी गार होईपर्यंत पत्रा बघत बसा.

बाहेरचा पत्रा

आधी दहा पावलं लांब उभे राहा. गाडी चारी बाजूंनी सरळ उभी आहे का, एका बाजूला झुकलीये का, चाकं मडगार्डमध्ये सारखी बसलीत का ते बघा. मग पुढच्या लाइटपाशी खाली बसून एक डोळा मिटून गाडीच्या कडेने मागपर्यंत नजर टाका. आजूबाजूच्या वस्तूंचं जे प्रतिबिंब पेंटमध्ये दिसतं ते सरळ वाहत गेलं पाहिजे. जिथे ते लाटेसारखं हलतं तिथे पुट्टी भरलेली आहे किंवा ठोकाठोक झालेली आहे.

मग फटी. दार आणि मडगार्ड, बॉनेट आणि मडगार्ड, डिकी आणि बॉडी, यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी, आणि डाव्या बाजूची उजव्या बाजूशी जुळायला हवी. जुन्या गाड्या कारखान्यातूनही आजच्यासारख्या अचूक निघत नव्हत्या हे खरं, पण वर बोट जातंय आणि खाली पत्रा पत्र्याला टेकलाय असं असेल तर ते कारखान्याचं काम नाही. दार उघडा आणि बघा उघडताना ते खाली पडतं का. बिजागरी झिजली असेल तर दार वरखाली हलवून कळतं. बिजागरी घट्ट आहे आणि तरी दार खाली उतरतंय, तर बॉडीच वाकतेय.

आता लोहचुंबक कापडात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या कडा, चाकावरच्या कमानी, दाराचा खालचा भाग, लाइटच्या भोवती असं फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पत्र्याऐवजी पुट्टी आहे. यंत्र असेल तर आणखी सोपं, कारखान्याचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा पेंट केलेली गाडी २०० ते ३०० दाखवते, आणि आकडा ५०० च्या पुढे गेला की आत पुट्टी आहे असं धरा. पुन्हा पेंट केलेली असणं हा गुन्हा नाही, पन्नास वर्षांच्या गाडीला एकदा तरी रंग लागलेलाच असतो. प्रश्न एवढाच की रंगाखाली काय आहे. आणि कॉर्व्हेट किंवा लोटस एलानसारख्या फायबरच्या बॉडीवर लोहचुंबकाचा काहीही उपयोग नाही, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

रबरच्या पट्ट्यांवर, काचेच्या कडेला, बॉनेटखालच्या वायरींवर पेंटचे बारीक शिंतोडे दिसले तर काम उरकून टाकलंय. चांगला पेंट करणारा माणूस रबर काढून रंग मारतो.

खालून बघणं, म्हणजे खरी तपासणी

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. शक्य असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन बघा, त्यासाठी पैसे द्यावे लागले तरी द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली मजबूत स्टँड लावल्याशिवाय अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही. विकणारा घाई करत असेल तरीही नाही.

पुष्कळ जुन्या स्पोर्ट्स कारना वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी असते. त्यात छप्पर नसलेली गाडी असेल तर वरून आधार देणारं काहीच नाही, सगळा भार दाराखालून जाणाऱ्या सिलवर येतो. एमजीबी १९६२ ते १९८० बनली आणि तिच्या सिलमध्ये एकात एक असे पत्र्याचे थर आहेत, बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा, आतला सिल, आणि खाली लांबलचक रेल. पाणी आणि चिखल पुढच्या मडगार्डमागे साठतो, तिथून सिलच्या आत जातो, आणि सडणं आतून बाहेर सुरू होतं. म्हणजे बाहेर फोड दिसते तेव्हा आतलं बहुतेक संपलेलं असतं. मग कोणीतरी नवा बाहेरचा सिल जुन्या सडक्या पत्र्यावरच वेल्ड करतो, वर रंग मारतो, आणि गाडी चकाचक दिसते. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच.

हे पकडायचं कसं तर सांगतो. विकणाऱ्याची परवानगी घ्या, गाडी सपाट जमिनीवर उभी करा, दार बंद ठेवा आणि दाराच्या मागची फट नीट बघून घ्या, वर किती आणि खाली किती. आता बाजूच्या जॅकिंग पॉइंटवर जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला आणि मित्राला फटीकडे बघत राहायला सांगा. बॉडी धड असेल तर फट तशीच राहते, फार तर केसभर फरक पडतो. सिल गेलेले असतील तर फट बदलायला लागते आणि दार उघडायला गेलं तर अडकतं. मी एका लालभडक एमजीबीला हे होताना बघितलंय, पेंट असा की त्यात तोंड दिसावं, क्रोम नवं, आतलं लेदर नवं, आणि जॅक जेमतेम चार बोटं वर गेला तोच दार जागच्या जागी घट्ट बसलं, हँडल ओढूनही हलेना. जॅक खाली घेतला की दार परत मोकळं. विकणारा स्वतः चकित झाला होता, त्यानेही ती तशीच घेतली होती. काही वेळा जॅक वर जायच्याऐवजी जॅकिंग पॉइंटच आत घुसतो, मग तर पुढे काही बघायचं उरतच नाही.

आत कार्पेट उचला. चिकटवलेलं असेल तर कडेने जितकं उचलता येईल तितकं. फ्लोअरवर अंगठ्याने जोरात दाबा, पत्रा दबला नाही पाहिजे. ओलावा आहे का, कुबट वास येतो का बघा. सीटचे बोल्ट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथला पत्रा खास तपासा, तिथे जीव टांगलेला असतो.

खालच्या बाजूला जाड काळं डांबरासारखं कोटिंग नवंकोरं मारलेलं असेल तर मला ते बघून आनंद होत नाही, शंका येते. टॉर्च तिरकी धरून बघा, कोटिंगखाली ओबडधोबड वेल्डिंग, चौकोनी ठिगळं, कडा नीट न जुळलेले पत्रे दिसतात का. चांगली दुरुस्ती सलग आणि स्वच्छ दिसते, आणि ती करणारा ती झाकायच्या भानगडीत पडत नाही. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. टोकदार बाजूने खुपसायचं नाही, गाडी अजून तुमची झालेली नाही.

समोरच्या आणि मागच्या रेलवर सुरकुत्या दिसल्या, किंवा एका बाजूचा रेल नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना, तर गाडीचा मोठा ॲक्सिडेंट झालेला आहे. बॉनेट उघडून आतल्या मडगार्डचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे गोल ठिपके) दोन्ही बाजूंना सारखे आहेत का तेही बघा.

काही गाड्यांच्या खास जागा

जॅग्वार ई-टाइप, १९६१ ते १९७४. हिच्या पुढे चौकोनी नळ्यांची फ्रेम आहे आणि इंजिन, सस्पेन्शन सगळं त्यावर लटकलेलं आहे. नळ्या आतून गंजतात, बाहेरून रंग छान असतो, म्हणून जोडांपाशी चिरा आणि सुजलेली जागा शोधा. मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नसून आत डिफरन्शिअलला लागून आहेत, तिथून ऑइल गळत असेल तर ते थेट डिस्कवर येतं, आणि ते काम करायला सहसा मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो. लहान गळती म्हणून सोडून देऊ नका.

लोटस एलान फायबरची, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण फायबरच्या खाली मधोमध पत्र्याची कण्यासारखी चासी आहे आणि ती गंजते, विशेषतः पुढच्या सस्पेन्शनच्या जागी. जुनी काढून कंपनीची गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, चासी बसवलेली असेल तर ती जमेची बाजू. वॉटर पंप इंजिनच्या पुढच्या कव्हरमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे तो गळत असेल तर वरवर छोटं दिसणारं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. मागच्या चाकांकडे जाणारे रबरी कपलिंग चिरलेत का तेही हाताने चाचपून बघा.

कॉर्व्हेटचं पण तसंच. वर फायबर, पण काचेच्या आणि दाराच्या भोवती लोखंडी सांगाडा आहे, १९६३ ते १९८२ च्या गाड्यांमध्ये तो काचेच्या कोपऱ्यात सडतो आणि पार्ट बदलायचा तर अर्धी गाडी सोडवावी लागते. आतून डॅशच्या बाजूची प्लॅस्टिकची पट्टी काढून टॉर्चने बघता येतं, विचारा, करू देतात.

पोर्श ९११ ला १९७६ च्या मॉडेलपासून गॅल्व्हनाइज्ड बॉडी आली, त्याआधीच्या गाड्या गंजाच्या बाबतीत अजिबात विश्वासाच्या नाहीत. २.७ लिटर इंजिनांमध्ये मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून सिलिंडर हेडचे स्टड उपटून येण्याची जुनी तक्रार आहे, ते काम झाल्याची बिलं मागा. आणि नवख्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट, एअर-कूल्ड ९११ ची ऑइल लेव्हल इंजिन पूर्ण गरम आणि आयडलला चालू असताना बघतात. गार इंजिनवर डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून कोणी ऑइल ओतलं तर जास्त होतं आणि सगळीकडे धूर.

पहिली पिढी मस्टँग असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत हळूहळू पाणी ओता आणि पाय ठेवायच्या जागी पाणी येतंय का बघा. आलं तर आतला पत्रा सडलाय. माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, १९८९ ते १९९७, तीही आता या यादीत आलीच, तिच्या कापडी छपराचं पाणी जाणारी भोकं मागे असतात, ती तुंबली की पाणी सिलमध्ये. मागच्या चाकाच्या पुढचा खालचा कोपरा बोटाने चाचपा.

आता इंजिन, गार असतानाच

डिपस्टिक काढा, ऑइलचा रंग आणि वास बघा. काळं ऑइल चालतं, चहाच्या रंगाचं दुधट ऑइल चालत नाही, त्यात पाणी गेलेलं आहे. फिलर कॅपच्या आत थोडी पिवळट साय असेल तर ते गाडी फक्त थोडं थोडं चालवल्यामुळेही होतं, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, पण डिपस्टिकवरही तेच असेल तर हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा, गरम असताना कधीच नाही. आत कूलंट स्वच्छ हवं, गंजाचं तांबूस पाणी किंवा वर ऑइलचे थेंब नकोत.

ट्रायम्फची सहा सिलिंडरची गाडी असेल, टीआर६ किंवा जीटी६, तर इंजिन बंद ठेवून एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही समोरून क्रँकच्या पुलीकडे बघा. पुली पुढेमागे सरकताना डोळ्याला सहज दिसली तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते गळून सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खराब होतात. एका मिनिटाची तपासणी आहे आणि कितीतरी लोक ती करत नाहीत.

मग स्टार्ट करायला विकणाऱ्याला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीला भसकन एकदा निळा येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा तर पिस्टन रिंग. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुतेक कार्ब्युरेटरचं सेटिंग, ते सुटण्यासारखं आहे. पांढरी वाफ गार सकाळी सगळ्यांनाच येते, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिली आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय.

ऑइल प्रेशरचा काटा स्टार्ट होताच उठला पाहिजे. गरम इंजिनला साधारण हिशोब असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ३००० ला ३० च्या खाली असेल तर बेअरिंगबद्दल विचारा. हे ढोबळ आहे, त्या मॉडेलचे नेमके आकडे मॅन्युअलमध्ये असतात ते लिहून न्या.

गाडी आवडली आणि गोष्ट पुढे जाणार असं वाटलं तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, इंजिन फिरवायचं आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. काढलेले प्लग ओळीने मांडून बघा, सगळ्यांचा रंग सारखा तपकिरी हवा.

टायमिंग बेल्टची गाडी असेल, उदाहरणार्थ पोर्श ९४४, तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल बघा. किलोमीटर कमी झालेत हे उत्तर नाही, रबर वर्षांनी म्हातारं होतं, आणि या इंजिनमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बिल नसेल तर बेल्ट बदलायचा खर्च आपलाच असं धरून चला आणि तोपर्यंत गाडी पळवू नका.

रबर, पेट्रोलचे पाइप, वायरिंग

हे पटकन बघून होतं पण सोडू नका, कारण जुन्या गाड्यांना आग लागते ती बहुतेक इथूनच. पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप वाकवून बघा, चिरा दिसल्या किंवा पाइप लाकडासारखा कडक झाला असेल तर बदलायलाच हवा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचं रबर ते खाऊन टाकतं. वायरींना ठिकठिकाणी वेगवेगळ्या रंगाची टेप, मध्येच फ्यूज नसलेली नवी वायर, हे दिसलं की अख्खं वायरिंग नव्याने करायचं म्हणून वहीत लिहा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असली तरी त्यावर वेगात चालवू नका. तारांची चाकं असतील तर पेन्सिलने एकेक तार वाजवत जा, सैल तार बद्द वाजते.

चालवून बघणं

निदान अर्धा तास तरी चालवा, नुसती एक फेरी मारून काही कळत नाही. इन्शुरन्स तुम्हाला लागू होतो का ते आधी विचारून घ्या. विकणारा चालवायला देत नसेल तर निदान शेजारी बसा, आणि तो गिअर कसे टाकतो ते बघा, कुठला गिअर जपून टाकतोय, कुठे मुद्दाम थांबतोय, त्यावरून फार कळतं.

अल्फामध्ये गार असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरा, कुरकुर झाली तर सिंक्रो (गिअर न खरवडता जुळवून घेणारी कडी) गेलाय. कुठल्याही गाडीत प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन पाय एकदम काढा, गिअर उडी मारून बाहेर आला तर गिअरबॉक्स उतरवावा लागणार. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढले पण गाडी पळाली नाही तर क्लच घसरतोय. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर) असेल तर चालूबंद करून बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड सैल करून ब्रेक मारा, गाडी एकीकडे ओढली जाते का. पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर. उतारावर पाय काढून थोडं जाऊ द्या आणि मग परत दाबा, आरशात निळा ढग दिसला तर व्हॉल्व्ह गाइड.

रेडिओ बंद, विकणाऱ्याच्या गप्पा थोड्या वेळ बंद, खिडकी उघडी. जुन्या गाडीत आवाज असणारच, पण वेगाबरोबर चढत जाणारी हूं हूं डिफरन्शिअलची असते, आणि वळताना बदलणारी घरघर व्हील बेअरिंगची. ऐकायची सवय नसेल तर आधी त्याच मॉडेलची एखादी चांगली गाडी चालवून किंवा निदान बसून बघा, तुलनेला काहीतरी हवंच.

परत आल्यावर इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, परत स्टार्ट करा. गरम इंजिन स्टार्ट न होणं हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा आजार आहे. आणि या दहा मिनिटांत खाली वाकून बघा काय ठिबकतंय. ब्रिटिश गाड्या थोडं ऑइल गाळतातच, थेंब चालतो, थारोळं नाही. पेट्रोल मात्र एक थेंबही नाही.

कागद आणि नंबर

चासी नंबर गाडीवर, प्लेटवर आणि कागदावर एकच हवा, प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचा. प्लेटचे रिव्हेट नवे दिसले किंवा नंबरच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला, वेल्ड केलेला दिसला तर तिथून निघा, त्यावर कुठलंही स्पष्टीकरण ऐकत बसू नका. १७ अक्षरांचा नंबर १९८० च्या दशकात रूढ झाला, त्याआधीच्या गाड्यांचे नंबर लहान आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून त्या मॉडेलचा नंबर कसा दिसतो हे आधी फोटोत बघून जा.

मूळ इंजिन आहे का याला काही मॉडेलमध्ये फार किंमत असते. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, एमजी आणि ट्रायम्फसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, यातून गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनसह, कधी बाहेर पडली ते कळतं. खरी शेल्बी कोब्रा हजाराच्या आसपासच बनली, रस्त्यावर दिसतात त्यातल्या बहुतेक सगळ्या नंतर बनवलेल्या प्रतिकृती असतात. प्रतिकृती वाईट नसते, मजेत चालवता येते, फक्त ती प्रतिकृतीच्या भावात घ्यायची. तुम्हाला चालवायलाच गाडी हवी असेल तर मूळ इंजिन नसलेली पण पत्रा पक्का असलेली गाडी हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा आहे, कारण ज्या कारणाने ती स्वस्त होते त्याचा तुम्हाला रस्त्यावर काहीच त्रास नाही.

बिलांची फाइल मागा आणि तिथेच बसून वाचा. तारखा, किलोमीटर, कामं यांचा मेळ बसतो का बघा. रिस्टोर केलेली म्हणत असतील तर उघड्या पत्र्याचे फोटो हवेत, फक्त पेंट झाल्यानंतरचे फोटो म्हणजे काहीच नाही. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची नोंद आहे का, हे तुमच्या इथे जिथे तपासता येतं तिथे पैसे द्यायच्या आधी तपासा.

त्या दिवशी पैसे देऊ नका

सगळं छान निघालं तरी टोकन वगैरे लगेच नको. वही घेऊन घरी या, जे जे लिहिलंय त्याच्यापुढे अंदाजे खर्च मांडा, आणि ज्याने हे मॉडेल हाताळलंय अशा मेकॅनिकला पैसे देऊन दुसऱ्यांदा दाखवा, लिफ्टवर घेऊन. विकणाऱ्याने याला नकार दिला तर दुसरी गाडी शोधा. भाव करताना ‘गाडीत दम नाही’ असं बोलू नका, जुन्या गाडीच्या मालकाचा जीव तिच्यात असतो आणि तो दुखावला की बोलणंच संपतं. यादी समोर ठेवा, हे ब्रेकचं, हे टायरचं, हे वायरिंगचं, एवढा खर्च येतोय, मी एवढे देऊ शकतो. आणि सिल किंवा चासी सडलेली असेल तर भाव करूच नका, ज्या भावात देतायत त्यात काही कमी करून ते गणित जुळत नाही.